उन्हाळी मिरची आणि नर्सरीवाल्याचा सोमवार

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आमच्याकडं मराठी घरात म्हणतात आणि कानडी घरातही. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आमचं रान. इथली उन्हाळी भाजीची लागण बरेच जण याच हिशेबानं धरतात. पण 2024 ला शिवरात्र होती 8 मार्चला, 2025 ला 26 फेब्रुवारीला, यंदा 15 फेब्रुवारीला आणि पुढच्या वर्षी परत 6 मार्चला. तीन-तीन आठवडे मागंपुढं होणाऱ्या सणावर काकडी टोकायची कशी? थंडी चालते सूर्यावर, शिवरात्र तिथीवर.

जिथं दहिवर गोठून पिकं जळतात, तिथले लोक शेवटचं दहिवर पडून गेलं की रोपं बाहेर काढतात. बेळगाव 750 मीटरच्या आसपास उंचीवर, आपल्याकडं तेवढं काही होत नाही. पण जानेवारीत पहाटे पारा 12-13 वर येतो, आणि ओढ्याकाठच्या खोलगट वाफ्यात थंड हवा साचून अजून खाली. रोप मरत नाही, बसून राहतं. टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळट होते, कारण गार मातीतला स्फुरद मुळाला उचलता येत नाही. लोक मग डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, टाकत बसतात. माती तापली की ते पान आपोआप हिरवं होतं.

म्हणून मी मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला. सकाळी चार बोटं खोल माती सलग आठवडाभर 18 च्या वर राहिली की भेंडी आणि काकडी टोकायची. त्याआधी टोकली तर भेंडीचं बी फुगतं आणि कुजतं. मोबाईलवर बेळगावचं तापमान दिसतं त्यावर जाऊ नका, सांबऱ्याच्या विमानतळाच्या माळावरचा आकडा आणि तुमच्या ओढ्याकाठचा आकडा एक नसतो. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माती जमली, भेंडी-काकडी टोकून झाली. ते काम सरळ झालं.

अडलं ते मिरचीचं रोप.

मिरची घरी टाकत नाही, नर्सरीतून आणतो. जानेवारीच्या सुरुवातीला बियाण्याची पाकिटं आणि आगाऊ पैसे देऊन आलो. मालक म्हणाले, “पस्तीस दिवसांत रोप तयार, अण्णा. शिवरात्र झाली की गाडी घेऊन या.” शिवरात्र झाली. “सोमवारी या.” सोमवारी गेलो तर ते बाजाराला गेलेले, आणि कामावरची बाई म्हणते, “नाळे बर्री,” म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर, “अण्णा, अजून जरा लहान आहेत, येत्या सोमवारी नक्की.” यांचा सोमवार कुठल्या पंचांगातला, ते आता महादेवालाच ठाऊक. इकडं सऱ्या सोडून, शेणखत घालून रान तयार, ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, आणि बायको रोज विचारते की माणसं सांगायची का नाही.

शेवटी एकदा वैतागून शेडनेटच्या आत शिरलो आणि ट्रे स्वतः बघितला. 98 घरांच्या ट्रेमध्ये तीसेक घरं रिकामी. एक रोप देठाला धरून हलकेच उपसलं, तर नारळाचा भुसा तिथंच सुटून पडला, हातात नुसतं देठ आणि चार पांढरे दोरे. तयार रोपाचा गड्डा अख्खा निघतो, मुळांनी भुसा गच्च धरलेला असतो. हे रोप रानात लावलं असतं तर निम्मं तिथंच माना टाकून पडलं असतं.

कारण कामावरच्या पोरानं सांगितलं, मालकानं नाही. मिरचीचं बी उबेत आठ-दहा दिवसांत उगवतं, गार रात्रीत दोन-तीन आठवडे घेतं. म्हणून पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवायचे असतात, कोंब दिसेपर्यंत. आमचे ट्रे तिथून लवकर बाहेर काढले होते, कारण ती जागा कलिंगडाच्या रोपांना हवी होती. कलिंगडाचं रोप पंधरवड्यात विकलं जातं, पैसा लगेच. आमची मिरची जानेवारीच्या थंडीत उघड्यावर कुडकुडत बसली. पस्तीस दिवस हा उन्हाळ्यातला हिशेब. थंडीत पेरलेल्या मिरचीला पन्नास धरा, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, दोन-तीन आठवड्यांनी काय बिघडतं? बिघडतं. लावल्यापासून पहिला तोडा यायला दोन महिने. फेब्रुवारीअखेर लावली तर मे महिना पूर्ण हातात राहतो आणि माल गोव्याला जातो. मार्चच्या मध्याला लावली की तोडा सुरू होईतो मे अर्धा संपतो, वळीव झोडपत असतो आणि जूनला आमच्या भागातला पाऊस. मग फळकूज. म्हणजे लागणीला थंडी एका बाजूनं दाबते आणि पाऊस दुसऱ्या.

रोप आलं एकदाचं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. या खेपेला गड्डे अख्खे निघाले तेव्हाच पैसे चुकते केले. ऊन कलल्यावर लावलं, लगेच पाणी सोडलं. मर फारशी झाली नाही, याचं श्रेय मी नर्सरीला देणार नाही.

एक राहिलंच. रोप उचलायच्या आधी चार-पाच दिवस त्याचं पाणी कमी करायला सांगा आणि शेडनेट काढायला सांगा, नाहीतर रानातलं ऊन त्याला सोसत नाही. आणि थंडी असेपर्यंत वाफ्याला पाणी सकाळी ऊन चढल्यावर द्या. संध्याकाळी दिलं की रात्रभर मुळं गारठतात.

पुढच्या हंगामाला मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच बी देणार आहे, दुसरीकडं. पेरल्याची तारीख ट्रेवर खडूनं लिहायला लावणार, झाकणाखालून कधी काढले तेही. आगाऊ पैसे चौथा हिस्सा, बाकीचे रोप उपसून बघितल्यावर.