पंचेचाळिशीनंतरचा गियर

टूर दी फ्रान्स ही सायकल शर्यत ज्याने सुरू केली त्या आँरी देग्रांजला सायकलचे गियर अजिबात आवडायचे नाहीत. 1902 मध्ये, म्हणजे पहिली टूर व्हायच्या एक वर्ष आधी, त्याने लिहून ठेवलंय की हे गियरबियर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, जिंकायचं ते मांड्यांच्या जोरावर. आणि नुसतं बोलून थांबला नाही गडी, 1937 पर्यंत टूरमध्ये डिरेल्यर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा गियर, चालायचाच नाही. तोवर मोठमोठे रेसर घाटाच्या पायथ्याशी खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूला असलेलं चढासाठीचं दातेरी चक्र चेनला लावायचे, आणि मग वर. माथ्यावर पोचलं की पुन्हा तेच उलट क्रमाने.

मी आता त्याने आखलेल्या रेघेच्या पलीकडे आहे, त्यामुळे हे वाचून राग येत नाही, उलट बरंच वाटतं. तो टोमणा म्हणून जे बोलला ते माझ्या मते टूरिंगचं, म्हणजे सामान लादून सायकलने लांब फिरण्याचं, सगळ्यात मोठं कौतुक आहे. विशीत काय, कुठलीही सायकल कुठल्याही चढावर रेटता येते, गुडघे तक्रार करत नाहीत आणि केली तरी ऐकतो कोण. पण हा नाद जन्मभर पुरवायचा असेल तर सायकल अशी पाहिजे की जी आपल्याकडून ताकदीची फार अपेक्षा ठेवत नाही.

त्याच फ्रान्समध्ये, त्याच काळात, पॉल द विवी नावाचा एक गृहस्थ होता. वेलोसिओ या नावाने लिहायचा, सायकलवर मासिक चालवायचा, आणि गियरच्या बाजूने वर्षानुवर्षं भांडला. त्याचे नियम साधे होते, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, दमायच्या आधी थांबा, आणि दिखाव्यासाठी कधीही पेडल मारू नका. पहिले तीन आपण लगेच मान्य करतो, चौथा पाळायला मात्र वय लागतं. कोणीतरी झुपकन बाजूने पुढे गेला की पाय आपोआप जोर लावायला लागतात, त्याला जाऊ दे हे पायांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली. वेलोसिओ 1930 मध्ये गेला, 76 वर्षांचा होऊन, आणि तोवर सायकल काही सुटली नव्हती. माझ्या लेखी हा वाद तिथेच निकालात निघाला.

जुन्या पद्धतीच्या टूरिंग सायकलला पुढे, पेडलपाशी, तीन चेनरिंग म्हणजे दातेरी चक्रं असतात. त्यातली सगळ्यात आतली, पिटुकली, तिला सगळे ग्रॅनी म्हणतात. समजा ती 26 दातांची आहे आणि मागे 32 दातांचं चक्र लावलंय, तर पेडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी मागचं चाक एक फेरासुद्धा पूर्ण करत नाही, सायकल जेमतेम पावणेदोन मीटर पुढे सरकते. सपाटीच्या गियरवर तेवढ्याच फेऱ्यात सहा मीटर जातो आपण. म्हणजे घाटात मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. झपझप चालणारा माणूस आपल्याला मागे टाकू शकतो, आणि टाकतोही, वर हात करून.

पण हाच तर तो स्पीड आहे ज्याच्यासाठी मी घराबाहेर पडतो. ताशी सहाला रस्ता वेगळाच दिसतो. कठड्याच्या कुठल्या दगडाला भेग गेलीये, कुठल्या वळणावर कातळातून पाणी झिरपून डांबर काळं पडलंय, मुंग्यांची रांग कुठून रस्ता ओलांडतेय, सगळं कळतं. पुढचं वळण दिसायच्या आधी तिथलं पाणी ऐकू येतं. मला गाडीतून केलेल्या प्रवासातली गावं आठवतात, पण सायकलने गेलो त्या रस्त्यांचे चढ आठवतात, कुठे वाटलं होतं संपला आणि संपला नव्हता तेसुद्धा. मांड्यांना नकाशा पाठ होतो असं म्हटलं तरी चालेल.

गियर बदलायचे खटके माझे अजून खाली फ्रेमच्या दांडीवर आहेत. त्यांना क्लिक नाही, इंडेक्स म्हणजे प्रत्येक गियरची ठरलेली खाच नाही, नुसतं घर्षण. हात खाली न्यायचा, खटका अंदाजाने ढकलायचा, चेन कुरकुरली तर केसभर मागे घ्यायचा, आवाज गेला की गियर बसला. नवख्या माणसाला हे बघून वाटतं काहीतरी बिघडलंय. पण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच, एक केबल आणि एक स्प्रिंग. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा गठ्ठा, बदला, पाचचं लावा, सहाचं लावा, कुठल्या कंपनीचं लावा, खटक्याला काही फरक पडत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक गियरसारखं चार्जिंग संपून गियर अडकला असं तर होऊच शकत नाही. मी नव्या गोष्टींच्या विरोधात नाहीये हां, टायर आता कितीतरी चांगले मिळतात, रात्रीचे एलईडी लाइट तर वरदान आहेत, जुने डायनॅमो चढावर स्लो झालं की मिणमिणायचे. पण गियरचं मात्र मला रस्त्यात उभं राहून समजलं पाहिजे.

तसंच चाकाचं. टूरिंगच्या चाकाला 36 तारा असतात आणि लोक विचारतात कशाला एवढ्या, आता तर वीस-चोवीस तारांची चाकं येतात. तर कारण असं की सामान लादलेल्या सायकलची तार कधी ना कधी तुटतेच, आणि तुटते ती बहुतेक वेळा मागच्या चाकाची, उजव्या बाजूची, हबपाशी म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे वाक असतो तिथे. उजवीकडे फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या, वजनही मागेच. टंग असा आवाज येतो, मग चाक डावीकडे ओढलं जातं आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासायला लागतं. 36 मधली एक गेली तर बाकीच्या 35 सांभाळून घेतात, शेजारच्या डावीकडच्या दोन तारांचे निपल, म्हणजे रिमपाशी तार ताणणारे छोटे नट, थोडे ढिले केले की आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा बऱ्यापैकी निघतो आणि मुक्कामापर्यंत आरामात जाता येतं. कमी तारांच्या चाकाला ही चैन नाही, तिथे एक तुटली की रिम फ्रेमलाच जाऊन भिडायची शक्यता.

मुक्कामी पोचल्यावर मग खरं काम. उजवीकडची तार घालायची तर फ्रीव्हील काढावं लागतं, त्याचा रिमूव्हर सोबत पाहिजे आणि तो फिरवायला भला मोठा पान्हा कुठूनतरी मिळवला पाहिजे, कारण चढांवर आपण स्वतःच्याच पायांनी ते करकचून आवळून ठेवलेलं असतं. जास्तीच्या तारा मी चेनस्टेला, म्हणजे चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या दांडीला, टेपने चिकटवून नेतो. नवी तार हबमधून ओवायची, शेजारणींच्या वरून-खालून जशी नक्षी असेल तशी न्यायची, निपल लावायचं, आणि मग सायकल उलटी करून चाक फिरवत बसायचं. ब्रेकचं रबर हाच माप. जिथे घासतं तिथे पाव फेरा, परत फिरवायचं, परत बघायचं. तारांवरून बोट छेडत गेलं की जी ढिली ती आवाजातच पकडली जाते. शेवटी रबर आणि रिम यांच्यातली फट सगळीकडे सारखी झाली की जो आनंद होतो तो मी घरी सांगायचा प्रयत्न सोडून दिलाय.

सीट चामड्याची. लोखंडी रेल्सवर ताणून रिव्हेट मारलेलं एकच जाड चामडं, आत गादीबिदी काही नाही. सुरुवातीला लाकडासारखी लागते, मग हळूहळू बसायच्या दोन हाडांच्या जागी दोन खळगे पडतात आणि मग ती दुसऱ्या कोणाच्या कामाची राहत नाही. पावसात तेवढी झाकायची, भिजलेल्या चामड्यावर बसून चालवली की ते झोळ खातं.

सामानाबद्दल बोलायचं तर टॉमस स्टीव्हन्सपुढे आपण सगळेच लाडावलेले आहोत. 1884 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला, जिचं पेडल थेट पुढच्या चाकालाच, गियर म्हणजे चाक किती मोठं तेवढाच. सोबत मोजे, जास्तीचा एक शर्ट, रेनकोट जो रात्री तंबू म्हणून वापरायचा, आणि एक पिस्तूल. एवढ्यावर 1886 च्या अखेरीस जपानला पोचला. रस्ते धड नव्हतेच, त्यामुळे बराचसा भाग सायकल ढकलत, आणि ते काही कमीपणाचं मानलं नाही त्याने, हे मला फार आवडतं. माझं सामान मात्र दरवर्षी वाढतंय. आधी उशी नव्हती, आता फुगवायची उशी असते. मग गुडघ्याला लावायचं मलम. मग वाचायचा चष्मा, कारण काटा टायरमध्ये कुठे रुतलाय ते बोटाने आतून चाचपून सापडतं, पण ट्यूबवरचं बारीक भोक चष्म्याशिवाय दिसत नाही.

चढाचं मला काही वाटत नाही, समोरच्या वाऱ्याचं वाटतं. चढाला माथा तरी असतो. वारा दिवसभर छातीवर, सपाट रस्त्यावर ग्रॅनीत आलेलो, उतारावरही पेडल मारावं लागतंय, आणि रस्त्यावरचे लोक बघतायत की हा माणूस सपाटीला एवढा हळू का चाललाय. ह्यावर उपाय नाही. हँडल खाली असलेलं बरं पडतं वाऱ्यात, पण कंबरेसाठी माझं हँडल वर्षागणिक वर सरकत गेलंय, ते आता जवळजवळ सीटच्या लेव्हलच्याही वर आहे.

लोक म्हणतात मोटरवाली घे ना. खरं सांगायचं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये, कारण छोटी चेनरिंग चालते आणि मोटर चालत नाही हे म्हणणं म्हणजे देग्रांजचाच वारसा झाला. एवढंच म्हणू शकतो की बॅटरी आली की मुक्काम प्लग ठरवतो, आणि मला मुक्काम दमल्यावर ठरवायचा असतो, किंवा वेलोसिओच्या हिशोबाने दमायच्या थोडं आधी. सत्तरीत कदाचित हे शब्द गिळेनही. जर्मनीचा हाइन्झ श्टुके 1962 मध्ये तीन गियरच्या सायकलवर घराबाहेर पडला आणि पन्नासहून जास्त वर्षं फिरतच राहिला, त्याला कोणी मोटर सुचवली होती का माहीत नाही.

सध्यापुरतं 26 ची काढून 24 दातांची चेनरिंग मागवलीये. ती लावली की चेन ढिली पडते का, बोल्टही थोडे आखूड लागतात का ते बघायचंय, आणि मग पुढच्या महिन्यात तो मधला घाट, ज्याच्या चौथ्या वळणावर मी नेहमी फोटो काढायच्या नावाखाली थांबतो.