लसूण, पेरूची पानं आणि टाकीतले मासे: माझा अनुभव

मी ज्या मत्स्यशेतीवर शिकत होते, तिथे तिलापियांच्या अंगावर व्रण दिसले की खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायची पद्धत होती. आधी लगेच गुण यायचा. मग उशिरा यायला लागला, आणि एका हंगामात आलाच नाही. परांच्या मुळाशी रक्ताळलेले ठिपके, फुगलेली पोटं, उभे राहिलेले खवले, आणि रोज सकाळी पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे. शेवटच्या घटका मोजणाऱ्या एका माशाच्या मूत्रपिंडातून मी नमुना घेतला आणि जिवाणू वेगळा केला. एरोमोनास हायड्रोफिला निघाला. प्लेटवर त्याचा थर पसरून ऑक्सिटेट्रासायक्लिनची ३० मायक्रोग्रॅमची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर जिवाणू चकतीच्या अगदी कडेपर्यंत वाढलेले. औषधाची चकती आणि कोरी चकती यांत काही फरकच नव्हता.

यात नवल नाही, हे नंतर कळलं. खाद्यातून दिलेलं औषध माशाच्या अंगी पूर्ण लागत नाही. बराचसा भाग विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून तळाच्या गाळात जातो. तिथल्या जिवाणूंना रोज थोडी थोडी मात्रा मिळते, मरण्याइतकी नाही, सरावण्याइतकी. पण ती प्लेट पाहून मी हादरले होते आणि त्याच आठवड्यात वनस्पतींच्या अर्कांवर काम करायचं ठरवलं.

लसूण, पेरूची पानं आणि हळद निवडली. कडुनिंब मुद्दाम बाजूला ठेवला, कारण त्याचा अर्क जास्त झाला तर माशांनाच अपाय करतो. वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असं मत्स्यपालकांकडून फार ऐकायला मिळतं आणि मला त्याची भीती वाटते. नको असलेले मासे मारायला तळ्यात मोहाची पेंड टाकतात, तीही वनस्पतीचीच. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांमधून शिरतं आणि तांबड्या रक्तपेशी फोडतं.

पेरूची पानं सावलीत वाळवली, भुकटी केली, ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवली, गाळली आणि ४० अंशांवर कमी दाबाखाली द्रावक उडवला. खाली गडद, चिकट अर्क उरला. लसणाच्या बाबतीत मात्र पहिला महिना वाया गेला. मी पाकळ्या अख्ख्याच गरम ओव्हनमध्ये वाळवल्या होत्या. लसणात जिवाणूंना मारणारं ॲलिसिन तयार नसतं. पाकळी ठेचली की ॲलिनेज हे विकर ॲलिइनला गाठतं आणि मग ॲलिसिन बनतं. उष्णतेने विकरच मेलं, तर ठेचून काय उपयोग? नंतर कच्चा लसूण ठेचायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग गार पाण्यात अर्क काढायचा आणि ताजाच वापरायचा, असं बसवलं. ॲलिसिन टिकत नाही, म्हणून दर वेळी नवा अर्क.

पहिल्या चाचणीत तीनही अर्कांच्या चकत्यांभोवती स्वच्छ कडं पडलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नव्हते, आणि मी आनंदाने माझ्या मार्गदर्शक मॅडमना बोलावलं. त्यांनी प्लेट उजेडात धरली आणि विचारलं, "नुसत्या इथेनॉलची चकती कुठली गं?" ती दाखवली. तिच्याभोवतीही कडं होतं. मी चकत्या ओल्याच ठेवल्या होत्या, जिवाणू द्रावकाने मेले होते. तेव्हापासून चकती पूर्ण सुकल्याशिवाय आणि शेजारी नुसत्या द्रावकाची चकती असल्याशिवाय एकही निकाल मी वहीत उतरवला नाही.

नीट केलेल्या चाचणीत लसणाचं कडं मोठं, पेरूचं लहान, हळदीचं जवळजवळ नाहीच. हळद बाद, असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या ओल्या जेलीत, पसरणार कसं? कडं नाही म्हणजे गुण नाही, असं धरता येत नाही. मोठं कडं म्हणजे जास्त जोरदार, असंही नाही. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू दूर पोचतो, एवढंच ते सांगतं.

म्हणून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्यात निम्मा करत नेला आणि जिवाणूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा शोधली. इथे पुन्हा अडलं. पेरूचा अर्क तपकिरी, हळद पिवळी, मग गढूळपणा दिसणार कसा? रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरलं. जिवंत जिवाणू असले की ते निळ्याचं गुलाबी होतं. पण पेरूच्या पानातली फिनॉलं स्वतःच ते गुलाबी करू शकतात, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. जिवाणू न घातलेले, नुसत्या अर्काचे खळगे ठेवले नसते तर चांगला चाललेला अर्क मी निकामी ठरवला असता. या चाचणीत हळदीनेही थोडा गुण दाखवला. मात्र आकडे पाहून उत्साह जरा ओसरला. ज्या जिवाणूवर प्रतिजैविक चालतं, तिथे ते मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. माझे कच्चे अर्क मिलिग्रॅमच्या घरात होते, म्हणजे हजारपट. माशाच्या रक्तात तेवढी मात्रा पोचवणं अशक्यच.

मॅडम म्हणाल्या, "जिवाणू मारायचं सोड. मासा किती तग धरतो ते बघ."

प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी घेतली. मासे दोन आठवडे टाक्यांमध्ये रुळू दिले. या काळात अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन रोज तपासला, कारण पाणी बिघडलं तर मासे त्यानेच आजारी पडतात आणि दोष अर्काला लागतो. अर्क दाण्यांवर फवारला, वरून जिलेटिनचा पातळ थर दिला आणि गार हवेत सुकवला. तो थर नव्हता तेव्हा दाणा पाण्यात पडताच अर्क सुटून पाणी पिवळं व्हायचं. पेरूच्या सगळ्यात जास्त मात्रेच्या टाकीतले मासे दाणा तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. टॅनिनचा तुरटपणा. त्या टाकीतल्या माशांची वाढही मागे पडली.

चार आठवड्यांनी जिवाणू टोचले. मासे हाताळताना त्रास होऊ नये म्हणून लवंगतेलाने गुंगी दिली. माशांच्या कामात वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरला जाणारा हा वनस्पतीचा पदार्थ, आणि त्याकडे माझं तोवर लक्षच गेलं नव्हतं. पुढचे दहा दिवस फार वाईट गेले. आपणच आजारी पाडलेला मासा पाण्याच्या नळापाशी एका कुशीवर कलंडलेला पाहणं सोपं नाही. जो सावरणार नाही अशी खात्री झाली, त्याला लवंगतेलाच्या जास्त मात्रेत शांतपणे संपवलं आणि मृतांमध्ये मोजलं.

लसणाच्या मधल्या मात्रेत मृत्यू साध्या खाद्यापेक्षा स्पष्टपणे कमी होते. त्या माशांच्या रक्तात लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत फोडणारं विकर, जास्त भरलं, पांढऱ्या पेशीही जास्त चपळ होत्या. पेरूचा कमी मात्रेत थोडा फायदा झाला, हळदीचा मला दिसला नाही. आणि ज्या टाक्यांमध्ये मी अर्क जिवाणू टोचल्यानंतर सुरू केला होता, तिथे काहीच फरक पडला नाही. आजारी मासा आधी खाणंच सोडतो. खाद्यातलं प्रतिजैविकही याच कारणाने उशिरा दिलं की वाया जातं.

पेरूच्या पानांची दुसरी खेप आणली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तीच पद्धत, तेच द्रावक, पण अर्क निम्म्यानेही चालेना. पानांचं वय वेगळं होतं, तोडणीचा काळ वेगळा होता. दर खेपेत क्वेर्सेटिनसारखा एखादा खुणेचा घटक मोजल्याशिवाय 'पेरूचा अर्क' या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

त्या मत्स्यशेतीच्या काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग औषध बंद करू?" मी नाही म्हटलं. लसणाचं खाद्य मासे निवडून वेगळे करण्याआधी, वाहतुकीआधी, हवा बदलण्याआधी, म्हणजे ताण येणार हे ठाऊक असेल तेव्हा आधीपासून द्या. व्रण दिसले तर पाणी तपासा, नमुना माझ्याकडे पाठवा, आणि चकतीवर जे चालेल तेच औषध पूर्ण दिवस द्या. त्यानंतर काकांनी दोनदा नमुने पाठवले. एकदा जिवाणू निघालेच नाहीत, कल्ल्यांवर परजीवी होते. त्याला प्रतिजैविकही लागलं नसतं आणि लसूणही.

आता पेरूच्या एकाच झाडाची, एकाच वयाची पानं दर महिन्याला तोडून अर्क काढते आहे. पहिल्या खेपेची बाटली तुलनेसाठी फ्रीजरमध्ये ठेवली आहे.