छातीतलं अवधाण

तीन वर्षांची ती पोर आजीच्या कडेवर तिसऱ्यांदा दवाखान्यात आली. आधी दोन्ही वेळी बाळदमा समजून मीच तिला वाफ दिली होती. या वेळी वाफ संपल्यावर पुन्हा स्टेथोस्कोप लावला. डावीकडे श्वास मोकळा, उजवीकडे तीच बारीक शिट्टी, तसूभरही न हललेली. दमा सहसा दोन्हीकडे वाजतो. एकाच बाजूला वाजतंय म्हणजे नळीत काहीतरी अडकलंय, नाहीतर बाहेरून काहीतरी दाबतंय. हे मला पहिल्याच दिवशी ऐकू यायला हवं होतं.

शेंगदाणा, फुटाणा घशात गेला होता का? नाही. फोटो काढला, समोरून आणि बाजूनं. उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी, श्वासनळी आत शिरते तिथे, गाठींचा घोस. तेवढ्यात आजी तोंडाला पदर लावून खोकली.

"कधीपासून खोकला?"

"दिवाळीपासनं हाय की."

एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढून सीबीनॅटला, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला, पाठवलं. क्षयाचे जंतू सापडले.

"आजी, पायात काटा मोडला की जांघेत काय येतं?"

"अवधाण."

"हे छातीतलं अवधाण."

जखम पायात आणि गाठ जांघेत, कारण पायाची लसिका, म्हणजे पेशींच्या मधून झिरपणारा पातळ द्रव, तिथे गाळली जाते. फुप्फुसाची लसिका या मुळाजवळच्या गाठींत येते. आत शिरलेल्या जंतूला भक्षकपेशी गिळतात आणि तो लसिकावाहिन्यांतून गाठीत पोचतो. तिथे टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या राखणदार पांढऱ्या पेशींना, त्याची ओळख पटते, त्यांची फौज वाढते, गाठ फुगते. साध्या न्यूमोनियातही फुगते नि ओसरते. क्षयाचा जंतू मात्र गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात तगून राहतो. ओळख पटायलाच काही आठवडे जातात, आणि गाठ आतून चक्क्यासारखी होते. लेकराची श्वासनळी अरुंद आणि मऊ, ती लगेच दबते.

औषधं सहा महिने, आणि गाठीची सूज उतरायला सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइड, असं सांगत होते. आजीचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी हिला माझ्याकडनं गेलं?"

"तुमचा बेडका तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

तिनं नातीला सुनेकडे दिलं, माझ्या हातातली डबी घेतली आणि बाहेर उन्हात, सगळ्यांपासून लांब जाऊन उभी राहिली.