फ्रेमलॉक उशिरा बसू लागला तेव्हा : माझा अनुभव

पातं उघडून पाठीवर अंगठ्याने दाब दिला की ते किंचित हलून बोटांना बारीक 'टिक' जाणवायची. चाकू घडीचा, टायटॅनियमच्या फ्रेमलॉकचा. तासगावकडच्या द्राक्षबागेत सुतळी, ड्रिपची नळी, बांधणीची पट्टी कापायला तो दिवसातून शंभरेक वेळा उघडतो आणि मिटतो. पात्याच्या बुडाची जाडी 4 मिमी. नवा असताना लॉकबार, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणारी मुठीतली पट्टी, त्यातला 1.6 मिमी भाग धरून बसायचा, म्हणजे 40 टक्के. आता तो 3.4 मिमीवर, म्हणजे 85 टक्क्यांवर पोचला होता. असं दिसलं की बहुतेक जण लॉक संपला असं धरून चालतात, किंवा पक्कड लावून लॉकबार आणखी आत वाकवतात. दोन्ही चुकीचं आहे, आणि त्याचं कारण लॉकच्या उतारातच आहे.

फ्रेमलॉक म्हणजे मुठीच्याच एका बाजूला चीर पाडून केलेली स्प्रिंग. क्रिस रीव्ह यांच्या सेबेंझा चाकूमुळे ही रचना प्रसिद्ध झाली. पात्याच्या बुडाला साधारण 7 ते 8 अंशांचा उतार असतो आणि लॉकबारचं टोक त्यावर पाचरीसारखं सरकून अडकतं. 8 अंशांच्या उताराचं गणित असं, की टोक 0.1 मिमी झिजलं तर लॉकबार 0.7 मिमी पुढे जातो. झीज सातपट मोठी होऊन डोळ्यांना दिसते. माझा लॉक 1.8 मिमी सरकला होता, पण खरी झीज सगळी मिळून 0.25 मिमी. तीही एकट्या टायटॅनियमचीच असते असं नाही, स्टॉप पिनही, म्हणजे उघडलेलं पातं जिच्यावर येऊन टेकतं ती आडवी पिनही झिजते. म्हणून आधी मापं घ्यायची, मगच काय करायचं ते ठरवायचं.

टायटॅनियम झिजतं हे मात्र खरं. ग्रेड 5 म्हणजे 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. त्याचा कठीणपणा साधारण 36 रॉकवेल सी, तर पात्याचं स्टील 60 च्या आसपास. त्यात टायटॅनियमची एक खोड आहे. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा दाबाखाली फाटला की आतला धातू स्टीलला चिकटतो आणि सुटताना कण उपटून जातात. लॉक सोडताना अंगठ्याला चिकट वाटतं ते यामुळेच. बागेतली माती त्या सांध्यात गेली की पॉलिश पेपर लावल्यासारखंच होतं. सुरुवातीचे काही आठवडे झीज भराभर होते, कारण टोक एखाद्या कोपऱ्यावरच टेकलेलं असतं. टेकणारी जागा रुंदावली की दाब वाटला जातो आणि झीज मंदावते. नव्या चाकूचा लॉक 30 वरून 45 टक्क्यांवर गेला तर घाबरू नका, तिथे तो बराच काळ टिकतो.

खोलण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर दोष पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा, वर-खाली हलत असेल तर लॉकचा किंवा स्टॉप पिनचा. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासू नये, त्याने लॉकबारचं टोकच चेचतं. बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून हाताने दाबलं तरी पुरेसं कळतं. मग बुडाच्या उतारावर काळा मार्कर लावून लॉक दहा वेळा बसवला. शाई जिथून गेली तीच टेकण्याची जागा. माझ्या चाकूत पट्टा रुंद आणि सरळ निघाला. म्हणजे टोक शाबूत होतं.

स्क्रू टी8 टॉर्क्सचे. पिव्हटचा स्क्रू थ्रेडलॉकने, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाने धरला होता. सोल्डरिंगचं टोक त्यावर अर्धा मिनिट टेकवलं आणि मग तो न चिरडता सुटला.

स्टॉप पिन हातात घेतली आणि उत्तर मिळालं. भिंगाखाली तिच्या एका अंगाला सपाट चकती दिसत होती. मायक्रोमीटरवर पिन इतरत्र 4.00 मिमी, तिथे 3.94. पिन सैल असेल तर अर्धा फेरा फिरवून नवं अंग पुढे आणायचं, तेवढ्याने 0.06 मिमी परत मिळतात, म्हणजे लॉकबार 0.4 मिमी मागे येतो. मला त्याहून जास्त हवं होतं, म्हणून जाड पिन करून घ्यायची ठरवली.

पहिल्यांदा करून आणलेली पिन साध्या एमएस (मऊ पोलाद) रॉडची निघाली. आठवड्यात तिला खळगा पडला. दुसऱ्यांदा कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेखी दिलं : ओएचएनएस (तेलात कडक करता येणारं टूल स्टील) रॉड, टर्निंग करून हार्डनिंग, साधारण 58 रॉकवेल सी, आणि शेवटी ग्राइंडिंग. तीन पिना मागितल्या, मधला भाग 4.10, 4.15 आणि 4.20 मिमी. दोन्ही टोकं 3.00 मिमी, जुन्या भोकांत बसणारी. मधल्या भागाची लांबी जुन्या पिनेइतकीच हवी. ती थोडी जरी वाढली तरी मुठीच्या दोन बाजू फाकतात आणि पिव्हट कितीही आवळला तरी पातं डोलतं.

सगळ्यात जाड पिनेने लॉक सर्वांत छान बसला, 56 टक्क्यांवर. पण माझ्या चाकूत मिटलेलं पातंही याच पिनेवर टेकतं. पिन 0.20 ने वाढली की तिचं अंग 0.10 ने पुढे येतं. पिव्हटपासून पिन 7.5 मिमी आणि पात्याचं टोक 85 मिमी दूर, त्यामुळे टोक मुठीतून एक मिलिमीटरहून जास्त वर राहतं. शिवाय मिटलेलं पातं धरून ठेवणारी लॉकबारवरची बारीक गोळी पात्याच्या खळग्यात नीट उतरेना. चाकू उलटा धरून झटकला की पातं आपोआप बाहेर यायला लागलं. खिशात असं पातं उघडलं तर मांडी कापेल. 4.20 बाजूला ठेवली. 4.15 ने लॉक 60 टक्क्यांवर आला, गोळी पक्की धरते आणि 'टिक' गेली.

जोडताना बुडाच्या उतारावर चिकटलेले टायटॅनियमचे करडे ओघळ 2000 नंबरचा पेपर सपाट पट्टीवर गुंडाळून चार-पाच हातांत काढले. त्याहून जास्त घासू नये, उताराचा कोन बिघडतो. लॉकबारच्या टोकाला मात्र कानस लावायचीच नाही. गेलेलं टायटॅनियम परत येत नाही, आणि कोन चुकला तर दाबाखाली लॉक निसटतो. वाकवून ताण वाढवला तर दर वेळी घासणं वाढतं, म्हणजे झिजेचा वेग आपणच वाढवतो. चिकटपणा उरलाच तर टोकावर पेन्सिलच्या दोन रेघोट्या पुरतात, पण त्या काही दिवसच टिकतात. पिव्हटला निळ्या थ्रेडलॉकचा एकच थेंब दिला, वॉशरला न लागता, आणि चोवीस तास चाकू उघडला नाही.

नंतरच्या तीन आठवड्यांत लॉक 60 वरून 63 टक्क्यांवर गेला आणि तिथे थांबला. आता संध्याकाळी बागेतून आल्यावर सांध्यातली माती कोरड्या ब्रशने झाडतो, आणि महिन्यातून एकदा मार्कर लावून पट्टा पाहतो.