सातवी तार

दादाला खरं तर काही म्हणायचं नव्हतं. माझी नवी सात तारांची गिटार हातात घेतली, फिरवून बघितली, तारा मोजल्या आणि विचारलं, "सहांत काय कमी पडत होतं?" मी खर्जाबद्दल काहीतरी पुटपुटले. त्याने मान हलवली. विषय संपला. त्याचा.

माझा संपेना. बनवून घेताना सगळ्यावर खल केला होता. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, ४८ मिलिमीटर रुंदी, कारण नेहमीच्या ४३मध्ये सात तारा म्हणजे बोटांची चेंगराचेंगरी. तिरक्या फ्रेटना, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या तिरप्या बसवण्याला, नाही म्हटलं. खालच्या तारेला त्यात जास्त लांबी मिळते हे पटतं, पण मला ते बघवत नाहीत, आजही नाही. सगळ्याला उत्तरं तयार होती. सातवी कशाला, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

जुनी गिटार केसमधून काढलेली नाही. तिच्याबद्दल आज नको.

आज पुन्हा सातवी लावायला बसले. लो बी, म्हणजे खालचा बी स्वर. दुसऱ्या तारेचाच बी, दोन सप्तकं खाली, म्हणजे स्वरांच्या जागा नव्याने पाठ करायला नकोत. स्वर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा काही ठरेना. जोरात छेडली की स्वर आधी चढतो, मग उतरत उतरत जागेवर येतो. हळू छेडली तर ट्यूनरला तिचा पत्ताच नाही. शेवटी तो काढून ठेवला, सातवीवर पाचव्या फ्रेटपाशी बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे दोन सप्तकं वरचा स्वर, घेतलं आणि मोकळ्या दुसऱ्या तारेशी कानाने मिळवलं. दोघींमधली थरथर थांबली. लागली एकदाची.

आणि मग नको तो हिशेब डोक्यात आला. लो बी म्हणजे साधारण ६२ हर्ट्झ. अकूस्टिकच्या पेटीतली हवा घुमते ती १००च्या आसपास. त्याखाली पेटीची साथ सुटत जाते. मला ऐकू येतात ते मुख्यतः वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर. मूळ स्वर कान आपल्या पदरचा घालतो. ज्या खर्जासाठी एवढा आटापिटा, तो अर्धा माझ्याच डोक्यात! इतकं केविलवाणं वाटलं की गिटार भिंतीला टेकवून नुसती बसून राहिले. दादाला हे कळलं तर...

पण मग सहावी ई तरी कुठली मोठी? ती ८२. तीही १००च्या खालीच. इतकी वर्षं तिलाही कानच सांभाळून घेत आला, तेव्हा नाही कुणी जाब विचारला.

बरं, सातवीचं काय करायचं यावर जगाचं तरी कुठे एकमत आहे? ब्राझीलचा गिटारवादक दिनो सेती कोर्दास ती सीवर ठेवायचा. अमेरिकेचा जॅझ गिटारवादक जॉर्ज व्हॅन एप्स थेट एपर्यंत खाली गेला. रशियन मंडळींनी तर सातही तारा मोकळ्या छेडल्या की जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजेल असंच लावून टाकलं. यांच्याही घरी कुणीतरी विचारलंच असेल, काय कमी पडत होतं म्हणून.

सध्या मीही अर्धा स्वर चढवून सीवर आणली आहे. ताण वाढला, तारेचं लोंबणं कमी झालं. जागा पाठ असण्याची सोय मात्र गेली. अंगठा अजून सातवीलाच सहावी समजतो. संध्याकाळी ई मायनर कॉर्ड धरला, खाली सी वाजला आणि आयता सी मेजर सेव्हन तयार झाला. आई आतून म्हणाली, "हे छान आहे गं, हेच वाजव." ई मायनर तेवढा राहून गेला.