बुटाच्या खोक्यातली हॉकी टीम

आमच्या धंद्यात एप्रिल म्हणजे लग्नसराई. ३० तारखेच्या आत बहुतेकांची टॅक्स रिटर्न्स गेली पाहिजेत, त्यामुळे महिनाभर जेवण टेबलावर आणि झोप बसमध्ये. मी कॅनडात विनिपेगमध्ये एका छोट्याशा अकाउंटिंग फर्ममध्ये काम करते, पाच टेबलं आणि एक कॉफी मशीन जे दर मार्चला न चुकता बंद पडतं. मूळची पुण्याची सीए, २०१४ ला इथे आले, मग परत अभ्यास करून सीपीए (म्हणजे इथली सीए) झाले, ती रडकथा पुन्हा कधीतरी.

तर १८ एप्रिल २०२४, गुरुवार. सकाळी साडेनऊला एक आजोबा आले, आमचे जुने क्लायंट. सत्तरी पार, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) दुरुस्तीची छोटी कंपनी, स्वतः आणि दोन माणसं. इथे उणे तीसमध्ये फर्नेस बंद पडला तर लोक डॉक्टरच्या आधी यांना फोन करतात, त्यामुळे धंदा बरा चालतो. कंपनीचं वर्ष ऑक्टोबर एंडला संपतं म्हणजे तिचं रिटर्न आणि यांचं स्वतःचं दोन्ही एप्रिल एंडलाच, आणि दोन्हीच्या पावत्या एकाच बुटाच्या खोक्यात. सॉफ्टवेअर घ्या म्हणून मी पाच वर्षं सांगतेय, ते मान हलवतात आणि पुढच्या वर्षी तोच खोका घेऊन येतात, फक्त रबरबँड नवा असतो.

खोका ठेवला आणि बसायच्या आधीच म्हणाले, ‘‘बातमी पाहिलीस? फिनिक्सची टीम विकली. सॉल्ट लेक सिटीला चालली.’’ पाहिली होती, सकाळपासून ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. (हॉकी म्हणजे बर्फावरची हं, आपली ध्यानचंदांची नाही. इथे नुसतं हॉकी म्हणलं की बर्फ. आणि फिनिक्स म्हणजे अमेरिकेतलं, ॲरिझोना राज्यातलं; सॉल्ट लेक सिटी युटा राज्यात.) आदल्या रात्री त्यांनी फिनिक्सला शेवटची मॅच खेळली, एडमंटनला ५-२ ने हरवलं, आणि आज १.२ बिलियन डॉलरला सौदा जाहीर. मी सहज म्हणलं, वाईट झालं हो त्यांचं. तर आजोबा म्हणाले, ‘‘त्यांचं? ती आमची टीम आहे.’’

हे समजायला थोडा इतिहास लागतो. जुनी विनिपेग जेट्स १९९६ मध्ये इथून उठून फिनिक्सला गेली आणि कायोटीज झाली. आत्ता इथे जी जेट्स आहे ती मूळची अटलांटाची, २०११ मध्ये १७० मिलियनला घेतली, त्यातले ६० मिलियन नुसती टीम हलवायची फी म्हणून एनएचएल या लीगला. म्हणजे आपली पोरगी सासरी गेली आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्याची पोरगी दत्तक घेऊन तिला तेच नाव ठेवलं, असला प्रकार.

असो, मी कामाला लागले. खोका उपसता उपसता सीझन तिकिटाचं बिल हाताला लागलं. दोन सीट, रक्कम पाच आकडी, आणि आजोबांनी वर पेनने लिहिलं होतं ‘जाहिरात’. पूर्ण रक्कम कंपनीच्या खर्चात. म्हणलं हे असं नाही चालणार. क्लायंटला मॅचला नेलं तर तो करमणुकीचा खर्च, कॅनडात त्यातला निम्माच वजा मिळतो, आणि तोही कोणाला नेलं ते दाखवता आलं तर. (अमेरिकेत २०१८ पासून तेवढाही मिळत नाही, शून्य.) गेल्या वर्षीपर्यंत हे बिल कंपनीत कधी आलंच नव्हतं, मग यंदाच का?

आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. २०२२-२३ च्या सीझनचं कॅलेंडर, फ्रिजला चिकटवायचं असतं ना तसलं, कोपऱ्यावर मोहरीच्या सॉसचा डाग आणि प्रत्येक होम मॅचसमोर पेन्सिलने नाव. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. ४१ मॅचेस. त्यातल्या ६ ला क्लायंट, एक पाइपवाला होलसेलर आणि दोन बिल्डिंगचे मॅनेजर. १४ ला ते स्वतः आणि मुलगी. ५ शेजाऱ्यांना फुकट दिल्या. ९ ऑनलाइन विकल्या, बहुतेक घेतल्या भावापेक्षा कमीत. उरलेल्या ७ समोर नुसती आडवी रेघ. ‘‘हे काय?’’ ‘‘कोणीच गेलं नाही. मंगळवार, थंडी, मलाही कंटाळा आला.’’

मग हळूहळू बाहेर आलं. २०११ मध्ये टीम परत आली तेव्हा मालकांनी शहराला सांगितलं होतं, १३,००० सीझन तिकिटं भरून दाखवा, आणि तीही तीन ते पाच वर्षांच्या बोलीवर. लोक तुटून पडले, शेवटी जी खुल्या विक्रीला आली ती काही मिनिटांत संपली, वर वेटिंग लिस्ट. आजोबांनी तीन मित्र धरून दोन सीट घेतल्या. चौघांत ४१ मॅचेस, प्रत्येकी १० आणि उरलेली एक चिठ्ठी टाकून. दर सप्टेंबरला कोणाच्यातरी गॅरेजमध्ये बसायचं, टोपीत चिठ्ठ्या, टोरांटो आणि मॉन्ट्रियलच्या मॅचवरून भांडणं. मी म्हणलं ही तर भिशी झाली! भिशी म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली पण त्यांना फार आवडलं, दोनतीनदा म्हणून पाहिलं, ‘बिशी, बिशी’.

तर त्या भिशीतला एक जण २०२१ मध्ये गेला. एक मुलीकडे केलोनाला राहायला गेला. तिसरा रिटायर झाला, म्हणाला टीव्हीवर छान दिसतं. राहिले आजोबा आणि दोन अख्ख्या सीट. दोन वर्षं एकट्याने खिशातून भरले, मग झेपेना म्हणून कंपनीच्या कार्डावर घातलं. लबाडी नव्हती हो ती, पाणी गळ्याशी आलं होतं.

मला तिथे खरंच एकदम लाइट लागली. फेब्रुवारीत जेट्सच्या मालकांनी पेपरमध्ये सांगितलं होतं की १३,००० ची सीझन तिकिटं ९,५०० च्या आसपास आलीत आणि हे असंच राहिलं तर लांबचा पल्ला जमायचा नाही, लीगचे कमिशनर बेटमन स्वतः इथे येऊन गेले. तेव्हा ऑफिसात सगळे म्हणत होते लोकांचं प्रेम आटलं, टीम दोन मॅच हरली की लोक पाठ फिरवतात वगैरे. आणि इथे माझ्यासमोर मोहरीच्या डागासकट कागद होता, प्रेम ढिगाने होतं, भिशीतली माणसं संपली होती.

कारण या शहराचा हिशोब वर्गणीवर चालतो. न्यू यॉर्क, टोरांटोला बँका आणि मोठ्या वकिलांच्या फर्म रांगाच्या रांगा घेतात, सीट रिकामी राहिली तरी चेक जातो. विनिपेग पडलं साडेसात लाखांचं गाव, मोठी हेड ऑफिसेस बोटावर मोजण्याइतकी, सगळा भार फर्नेसवाले, दातांचे डॉक्टर, शाळामास्तर यांच्यावर. गल्लीतल्या मंडळासारखं, अकरा रुपयेवाले हजार लोक पाहिजेत, एक बिल्डर नाही. त्यातले शे-दोनशे म्हातारे झाले, गाव सोडून गेले की मंडप लहान होतो.

आणि डॉलरचं दुखणं वेगळंच. तिकिटाचे पैसे येतात कॅनडियन डॉलरमध्ये, खेळाडूंचे पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. मी आजोबांना कागदावर करून दाखवलं: २०२३-२४ च्या सीझनला एका टीमच्या पगारांची कमाल मर्यादा होती ८३.५ मिलियन अमेरिकन. आमचा डॉलर ७३ सेंटला, म्हणजे इथले ११४ मिलियन. तीसेक मिलियन नुसते करन्सीत गेले, एकही गोल न होता. २०११ मध्ये टीम आली तेव्हा आमचा डॉलर त्यांच्यापेक्षा किंचित वरच होता, मुहूर्त अचूक लागला. १९९५-९६ ला तो आजच्याइतकाच पडलेला, वर पगाराला मर्यादाच नव्हती (ती २००५ मध्ये आली, एक अख्खा सीझन बुडवून), आणि हॉल जुना. त्याच दोन वर्षांत क्यूबेकची टीमही डेन्व्हरला गेली आणि जाऊन पहिल्याच वर्षी लीगचा स्टॅनले कप जिंकली, क्यूबेकवाल्यांच्या जखमेवर मीठ. त्यांनी पुढे सरकारी पैशातून नवाकोरा हॉल बांधला, २०१५ ला उघडला, टीम अजून आलेली नाही.

आजोबा ऐकत होते, मग म्हणाले, ‘‘पण फिनिक्स केवढं मोठं! तिथे का नाही टिकली?’’ प्रश्न बरोबर होता. फिनिक्स आणि आजूबाजूची वस्ती ४८ लाखांच्या घरात, आमच्या सहापट. पण त्या टीमला स्वतःचा हॉल कधी झालाच नाही. आधी बास्केटबॉलवाल्यांच्या हॉलमध्ये पोटभाडेकरू. मग २००३ च्या शेवटी ग्लेंडेल नावाच्या उपनगराने शहराच्या पैशातून हॉल बांधून दिला, तो पश्चिम टोकाला, आणि पैसेवाली गिऱ्हाइकं पूर्वेला स्कॉट्सडेलकडे. म्हणजे कोथरूडच्या माणसाने ऑफिस सुटल्यावर मंगळवारी संध्याकाळी वाघोलीला मॅच बघायला जावं तसं. २००९ ला टीम दिवाळखोरीत गेली, लीगनेच विकत घेतली, तोटा भरायला ग्लेंडेलने दोन वर्षं २५-२५ मिलियन मोजले. शेवटी शहर वैतागलं, २०२१ मध्ये सांगितलं की आता करार नाही. मग युनिव्हर्सिटीच्या जेमतेम पाच हजारांच्या हॉलमध्ये दोन सीझन, एनएचएलची टीम, विचार करा. २०२३ च्या मे मध्ये टेंपी शहराच्या मतदारांनी नव्या हॉलचा प्रस्ताव पाडला आणि तिथे विषय संपला. सॉल्ट लेकची वस्ती फिनिक्सच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही, पण तिथल्या मालकाकडे बास्केटबॉलची टीम आहे आणि हॉलही त्याच्याच हातात.

माझ्यातल्या अकाउंटंटला सगळ्यात मजा आली ती व्यवहाराची. खेळाडू, करार, ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडायचे) हक्क सगळं युटाला गेलं, पण नाव आणि इतिहास जुन्या मालकाकडे राहिला, वर ‘पाच वर्षांत हॉल बांधलास तर परत टीम देऊ’ असा तेव्हाचा वायदा. सीएच्या अभ्यासात स्लम्प सेल (अख्खा धंदा एकरकमी विकणं) शिकलो होतो ना, त्याचा हा उलटा भाऊ, धंदा काढून दिला आणि पाटी ठेवून घेतली. म्हणजे जुन्या जेट्सचे १९९६ पर्यंतचे रेकॉर्ड कागदोपत्री ना विनिपेगकडे ना युटाकडे, ते फिनिक्समधल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या वह्यांत. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. डॉलरवर नाही, टॅक्सवर नाही, यावर. ‘‘हॉवरचकचे गोल ॲरिझोनाच्या कपाटात?’’ (हॉवरचक म्हणजे जुन्या जेट्सचा स्टार खेळाडू.)

तेवढ्यात खोक्याच्या तळाशी एक वेगळाच कागद दिसला, पिवळा पडलेला, हाताने लिहिलेली पावती. १९९५, ५ डॉलर, एका मुलीचं नाव. मी म्हणलं हे काय. तर त्या वर्षी टीम वाचवायला गावात वर्गणी सुरू होती, मे महिन्यात द फोर्क्स नावाच्या इथल्या मोकळ्या जागेत हजारोंची गर्दी झाली, पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले. यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. दरवर्षी पावत्या भरताना ही पावतीही खोक्यात पडत असावी, मीच कधी तळापर्यंत पोचले नव्हते.

आजोबा चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाले, ‘‘ही वजा मिळेल का?’’

म्हणलं, देणगीची पावती फार तर पाच वर्षं पुढे ओढता येते, ती मुदत २००० ला संपली, आणि ती नोंदणीकृत चॅरिटीही नसणार. ‘‘मग टीम गेली आणि वजावटही गेली’’ म्हणाले आणि आम्ही दोघं इतके हसलो की बॉस केबिनमधून डोकावली.

काम मात्र करावंच लागलं. ६ मॅचचा खर्च करमणुकीत, त्याचा निम्मा वजा. विकलेल्या ९ चे पैसे वळते केले. बाकी सगळी रक्कम त्यांच्या वैयक्तिक नावे, कंपनीने मालकाला दिलेलं कर्ज. टॅक्स वाढला, फार नाही, पण चेहरा पडला. जाता जाता मला विचारलं, ‘‘पुढच्या वर्षी घेऊ की नको? तू सांग.’’ आता ४१ पैकी ७ रेघा आणि ९ तोट्यात, कुठलाही सीए काय सांगेल? मी म्हणलं, आकड्यांवर विचाराल तर नका घेऊ, लागेल तेव्हा सुटी तिकिटं घ्या, स्वस्त पडेल. ते म्हणाले, ‘‘सगळ्यांनी सुटी घेतली तर?’’ मी गप्प बसले. बरोबर होतं त्यांचं आणि माझंही.

रविवारी प्लेऑफ सुरू झाला, समोर कोलोराडो, म्हणजे मूळची क्यूबेकची टीम. अख्खं गाव प्रथेप्रमाणे पांढरे कपडे घालून डाउनटाउनला, वारीच जणू, फक्त थंडीची. हॉलमध्ये टिमथी ईटनचा पुतळा आहे, पूर्वी त्या जागी त्यांचं दुकान होतं, लोक नशिबासाठी त्याच्या बुटाचं टोक घासतात आणि तेवढंच पितळेसारखं चमकतं. आपल्याकडे कासवाला हात लावून पुढे जातात ना तसं. मी आणि नवरा घरीच होतो, मी रिटर्न्स करत आणि तो ओरडत. ७-६ ने जिंकलो. मग पुढच्या चारही मॅच हरलो.

जूनमध्ये आजोबांची ईमेल आली. सोबत २०२४-२५ च्या दोन सीटचं बिल, तीच सेक्शन, तीच रांग. मजकूर एक ओळ: ‘हे कुठल्या खात्यात?’

मी लिहिलं, वैयक्तिक, मालकाचं कर्ज, आणि यंदा प्लीज वर्षाच्या आत कंपनीला परत भरा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘ओके. बिशीत दोन जागा रिकाम्या आहेत.’