त्राउसव्हानिदची काळी खुर्ची

लिव्हरपूलला येऊन चार वर्षं झाली, नदीपलीकडच्या बर्कनहेडला मी पन्नासदा तरी गेलो असेन, पण तिथे १९१७ मध्ये एका वेल्श कवीच्या बाबतीत काय घडलं ते मला ऑफिसमधल्या एका वेल्श मित्राने जेवताना सांगितलं आणि पुढच्याच शनिवारी आम्ही त्याच्या गाडीतून त्या कवीच्या गावाला, वेल्समधल्या त्राउसव्हानिदला निघालो. (हा उच्चार मला अजून जमत नाही, तो दरवेळी हसतो.)

वाटेत ब्लाइनाउ फेस्टिनिओग गावाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्लेटचे ढिगारे, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड, डोंगरच्या डोंगर. पुढे मोठं तळं आणि त्याच्या काठावर बंद पडलेलं अणुवीज केंद्र. आम्ही ज्या कवीसाठी आलो होतो त्याने हे तळं आणि केंद्र बघितलंच नाही, तळंसुद्धा तो गेल्यानंतर धरण बांधून केलेलं.

त्याचं नाव एलिस एव्हन्स, कवी म्हणून घेतलेलं नाव हेद विन. जन्म १८८७, अकरा भावंडांत थोरला, शाळा लवकरच सुटली आणि मग अर अस्गुर्न नावाच्या घरच्या शेतावर मेंढ्या राखता राखता कविता. सैन्यात जायची त्याला बिलकुल हौस नव्हती, पण पहिल्या महायुद्धात सक्तीची भरती सुरू झाली आणि शेतीला लागतात त्यापेक्षा या घरात मुलगे जास्त आहेत, एकाने यायलाच पाहिजे असं ठरलं. धाकट्या बॉबला न्यायचे, म्हणून हा गेला. ट्रेनिंग लिदरलंडला, माझ्या घरापासून बसने जेमतेम अर्धा तास!

मला सगळ्यात आवडला तो पुढचा भाग. १९१७ च्या वसंतात नांगरटीसाठी शेतकरी सैनिकांना सुट्टी दिली, याला सात आठवडे मिळाले. पाऊस थांबेना, हा घरात बसून स्पर्धेची लांबलचक कविता लिहीत राहिला आणि सुट्टी संपली तरी परत गेलाच नाही. शेवटी निघाला तो इतक्या घाईत की कवितेचे कागद घरीच राहिले. मग वाटेत आठवून आठवून परत लिहिली आणि जुलैमध्ये फ्रान्समधून पोस्टाने पाठवली, टोपणनाव ‘फ्लर द ली’.

३१ जुलै १९१७, बेल्जियममध्ये पिल्कम टेकडीवरचा हल्ला. त्याच दिवशी तो गेला, वय ३०.

आणि सप्टेंबरमध्ये बर्कनहेडला आइस्टेदवद, म्हणजे आपलं साहित्य संमेलन आणि संगीत स्पर्धा एकाच मांडवात घातल्यासारखं काहीतरी. तिथे जिंकणाऱ्या कवीला खरीखुरी कोरीव खुर्ची देतात. पंतप्रधान लॉइड जॉर्ज समोर बसलेले. ‘फ्लर द ली’ने उभं राहावं असा पुकारा झाला, एकदा, दोनदा, तीनदा. कोणीच उठलं नाही. मग सांगितलं की कवी पाच आठवड्यांपूर्वीच लढाईत गेला, आणि खुर्चीवर काळं कापड घातलं.

ती खुर्ची आता अर अस्गुर्नच्या बैठकीत आहे. मला वाटलं होतं साधीशी असेल, पण काय कोरीवकाम आहे! वेलबुट्टी आणि ड्रॅगन, हात लावायचा मोह होतो (लावू देत नाहीत). ती बनवणारा सुतार युजीन व्हानफ्लेटरेन हा बेल्जियमहून युद्धामुळे पळून आलेला निर्वासित होता. त्याने बर्कनहेडला बसून ज्याच्यासाठी खुर्ची कोरली तो त्याच्याच देशात मेला, हे ऐकून मी दोन मिनिटं गप्पच झालो.

याच घरात पुढे कवीचा भाचा जेरल्ड विल्यम्स वर्षानुवर्षं राहिला आणि येईल त्याला खुर्ची दाखवत राहिला, कारण आजीला शब्द दिलेला, दार उघडं ठेवीन म्हणून. २०१२ मध्ये घर नॅशनल पार्ककडे गेलं.

गावात हेद विनचा पुतळा आहे, १९२३ मध्ये आईच्याच हस्ते उघडलेला. अंगावर मेंढपाळाचे कपडे, युनिफॉर्म नाही. आम्ही फोटो काढत होतो तेवढ्यात जोराचा पाऊस आला, पळत गाडीत बसलो, आणि मित्र वायपर लावत म्हणाला, हाच तो, नांगरटीचा पाऊस.